गेटवरचा माणूस आणि त्याचे मंडळ

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेची तारीख, पहिले पदाधिकारी, इमारतीची पायाभरणी, रौप्य महोत्सव असा क्रम ठरलेला असतो. सुरक्षा रक्षक मंडळाचा इतिहास त्या क्रमाने लिहिता येतो, पण त्यातून वाचणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. हे मंडळ एका प्रश्नातून जन्माला आले: गेटवर उभ्या असलेल्या माणसाचा पगार कोणाच्या हातून यावा? चाकण, मरकळ, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात ड्युटी करून आळंदीतल्या भाड्याच्या खोलीवर परतणाऱ्या कोणत्याही रक्षकाला विचारा, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. म्हणून मंडळाची हकिगत त्याच अंगाने सांगतो.

पहारा हे आपल्याकडे फार जुने काम. गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होते. गावाची राखण करायची आणि त्याबद्दल गावाने बलुते द्यायचे, किल्ल्याची राखण केली तर वतन, असा तो बंदोबस्त होता. पुरंदरच्या पहाऱ्याचे हक्क आणि वतने रामोशांच्या हातून गेली, त्या असंतोषातून उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला. 3 फेब्रुवारी 1832 रोजी उमाजींना पुण्यात फाशी दिले गेले. राजकारण, स्वातंत्र्य आणि धर्म या अंगांनी त्या उठावाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच्या मुळाशी राखणदाराचे तोडलेले उत्पन्न होते, हे पहारेकऱ्यांच्या स्मरणिकेत तरी ठळकपणे नोंदले गेले पाहिजे.

पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहू लागली तेव्हा गेटवरचा माणूस कंपनीचाच होता. पन्नासच्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीची बजाज आली. मोठ्या कारखान्यांत ‘वॉच अँड वॉर्ड’ नावाचे खाते असे. त्यातला पहारेकरी बहुधा फौजेतून आलेला. त्याची हजेरी कंपनीच्या मस्टरवर, कँटीनचे कूपन इतर कामगारांसारखेच, निवृत्तीला फंड. सार्वजनिक क्षेत्रातल्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने 1969 साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभे केले. खासगी कारखान्यांना मात्र हळूहळू दुसरी वाट सोयीची वाटू लागली. पहारेकरी आपल्या मस्टरवर ठेवायचाच कशाला? एजन्सीला सांगावे, माणसे तिने आणावीत, बिल महिन्याला द्यावे.

त्या बिलात आणि रक्षकाच्या हातात पडणाऱ्या पैशात जे अंतर होते, त्यात एजन्सी वाढल्या. एका माणसाचे कंपनीकडून किती घेतले आणि त्याला किती दिले, हे त्या माणसाला कळण्याची सोय नव्हती. बारा तासांची पाळी, रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी, गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले, साप्ताहिक सुट्टी नावापुरती, फंडाचा पत्ता नाही. ‘पॉइंट’ बंद झाला की माणूस घरी. कंपनी म्हणणार, तो आमचा नाही. एजन्सी म्हणणार, साइट सुटली. मुंबईत सत्तरच्या दशकात हे चित्र सर्रास होते. पुढे पुण्याकडचे कारखाने त्याच वळणावर गेले.

यावर उपाय शोधण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागले नाही. मुंबईच्या बंदरात आणि बाजारपेठांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांनी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला होता. त्यातली कल्पना साधी आणि धाडसी होती. हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्याकडे काम करतो, त्याचा असा एक मालक नाही. मग मालक, कामगार आणि सरकार यांचे मिळून मंडळ करावे. मालकाने मजुरी मंडळाकडे भरावी, वर लेव्ही भरावी. मंडळाने मजुरी कामगाराला द्यावी आणि लेव्हीतून फंड, रजा, बोनस, औषधपाणी सांभाळावे. मधला मुकादम त्यामुळे आपोआप बाजूला पडतो. माझ्या मते कामगार कायद्यांच्या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रोजगार हमीचे श्रेय सगळे देतात, या कल्पनेचे श्रेय मात्र कोणी फारसे घेत नाही आणि देतही नाही.

बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1981 साली, हीच रचना पहारेकऱ्यांना लागू झाली. ‘महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ असे त्या कायद्याचे लांबलचक नाव. कारखान्यांत आणि आस्थापनांत काम करणाऱ्या खासगी रक्षकांच्या नोकरीचे नियमन करणे, त्यांच्या सेवाशर्ती सुधारणे आणि त्यासाठी मंडळ स्थापणे हा त्याचा हेतू. मंडळात मालकांचे आणि रक्षकांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, त्यांच्या जोडीला सरकारचे प्रतिनिधी. पहिले मंडळ झाले ते बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी.

मंडळाचे काम कागदावर रूक्ष दिसते, म्हणून थोडे जवळून पाहू. कारखान्याने ‘मुख्य मालक’ म्हणून नोंदणी करायची. रक्षकाने आपली नोंदणी करायची. कारखान्याला अमुक इतके रक्षक हवेत, असे मागणीपत्र मंडळाकडे येते आणि मंडळ नोंदीत रक्षकांतून माणसे देते. महिना संपला की कारखाना हजेरीपत्रकाप्रमाणे वेतनाची रक्कम आणि तिच्यावर लेव्ही, दोन्ही मंडळाकडे भरतो. तिथून वेतन रक्षकाकडे जाते. भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, गणवेश हे सगळे लेव्हीच्या पोटात. ड्युटीवर इजा झाली तर नुकसानभरपाईचा कायदा, पगार थकला तर वेतन प्रदान कायदा, स्त्री रक्षकाला प्रसूती लाभाचा कायदा, हेही या अधिनियमाने रक्षकाच्या बाजूने उभे केले. साइट बंद झाली तरी रक्षकाचे नाव मंडळाच्या वहीत राहते. ‘पॉइंट गेला की माणूस घरी’ ही भीती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच वहीत राहिलेल्या त्या नावाची किंमत कळते.

एजन्सीवाल्यांना हे रुचणे शक्य नव्हते. प्रकरण कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1987 च्या निकालाने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कारखान्याने स्वतः थेट आणि कायम नेमलेला पहारेकरी या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कायदा आहे तो एजन्सीमार्फत काम करणाऱ्या रक्षकासाठी. दुसरी गोष्ट कलम 23 ची. रक्षकांच्या एखाद्या वर्गाला मिळणारे लाभ मंडळाच्या लाभांपेक्षा एकंदरीत कमी नसतील, तर सरकार त्यांना कायद्यापासून सूट देऊ शकते, आणि अशी सूट एजन्सीच्या रक्षकांनाही देता येते. तिथून ‘सूट मिळालेली एजन्सी’ हा शब्दप्रयोग आपल्या धंद्यात रूढ झाला.

सूट देण्याची ही तरतूद चुकीची होती, असे मी म्हणणार नाही. चांगला पगार देणाऱ्या, फंड नियमित भरणाऱ्या एजन्सी आहेत. त्यांना मंडळाखाली यायलाच लावणे योग्य ठरले नसते. पण सूट देताना पाहायचे असते रक्षकाचे पान, एजन्सीचे माहितीपत्रक नव्हे. ‘एकंदरीत’ या शब्दाचा हिशेब वर्षानुवर्षे कागदावर बरोबर येत राहतो आणि रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाच्या पगारचिठ्ठीशी तो ताडून पाहायला कोणी येत नाही, हे चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कायद्याचे हे दार जितक्या वेळा उघडले गेले, तितका मंडळाचा जोर कमी झाला, हे माझे स्पष्ट मत आहे.

2002 साली रक्षकांसाठी नवी योजना आली. मंडळाचा व्याप मुंबई-ठाण्याबाहेर गेला, इतर जिल्ह्यांत मंडळे झाली, पुणे जिल्हाही त्यात आला. याच काळात आपल्या पट्ट्याचा चेहरा बदलत होता. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन सुरू झाली, मर्सिडीजचा कारखानाही त्याच वर्षी इथे आला, पाठोपाठ महिंद्राचा प्रकल्प. त्यांच्यामागे सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. मोठ्या कारखान्याच्या गेटवर रक्षकांची अख्खी तुकडी असते आणि तिच्या नोंदी तपासल्या जातात. मरकळ रस्त्यावरच्या छोट्या वर्कशॉपला मात्र दिवसा एक आणि रात्री एक, असे दोनच रक्षक असतात. तेही एखाद्या ओळखीच्या ठेकेदाराने आणून दिलेले. मुख्य मालक म्हणून नोंदणी वगैरे शब्द तिथे कोणाच्या कानावरून गेलेले नसतात. मंडळाचे खरे काम तिथे आहे आणि तिथेच ते सर्वांत विरळ आहे.

दरम्यान केंद्राचा कायदा आला, खासगी सुरक्षा अभिकरणांच्या नियमनाचा, 2005 चा. ‘पसारा’ या नावानेच तो सगळीकडे ओळखला जातो. एजन्सी चालवायची तर परवाना, आणि रक्षकाचे चारित्र्य व पूर्वइतिहास पडताळून घ्यायचा. प्रशिक्षण 160 तासांचे: 100 तास वर्गात, 60 तास प्रत्यक्ष कामावर. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी कमी. पंधरापेक्षा जास्त रक्षकांमागे एकच सुपरवायझर ठेवता येत नाही. केंद्राच्या नमुना नियमांत गणवेशाचाही तपशील आहे: दंडावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचा बिल्ला, दोरी लावलेली शिट्टी आणि ती डाव्या खिशात, नाड्या असलेले बूट, डोक्यावर टोपी. अभ्यासक्रमात आग विझवणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणे, एफआयआर कसा नोंदवतात हे सगळे आहे. धोक्याची घंटा आणि तपासणी यंत्रे वापरण्याचे शिक्षणही त्यात आहे. शिट्टीच्या खिशापर्यंत विचार करणाऱ्या नियमांबद्दल मला आदर वाटतो. 160 तास खरोखर किती जणांना मिळाले, हे मात्र प्रत्येक रक्षकाने आपापल्या मनाशी मोजावे.

रक्षकाचे काम बदलले ते या कायद्यांपेक्षा काही दुर्घटनांमुळे. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरला रात्रपाळीसाठी निघालेल्या तरुणीचा तिच्याच कॅबच्या चालकाने खून केला. गहुंजे गाव त्या दिवसांत सगळ्या देशाला माहीत झाले. त्यानंतर रात्री स्त्रियांना नेणाऱ्या गाड्यांत रक्षक बसवण्याची प्रथा आयटी कंपन्यांत पडली. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. राज्याने 2010 साली कायदा करून महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ उभारले. गेटवर मेटल डिटेक्टर आले, गाडीच्या पोटाखाली सरकवायचे आरसे आले, बूम बॅरियर आले, कॅमेरे तर जिथे तिथे आले. एक नवा धंदाच त्यातून वाढला: सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदारांचा. कॅमेरे, प्रवेशद्वाराची कार्ड-यंत्रे, आगीचे अलार्म बसवायचे आणि पुढे वर्षाच्या करारावर त्यांची देखभाल करायची.

या ठेकेदारांच्या कार्यालयांत भिंतीवर एक फलक असतो. नवी कोणती साइट मिळाली, कोणाची बदली कुठे झाली, कोण हेड गार्डचा सुपरवायझर झाला, कोणत्या तंत्रज्ञाने कोणत्या कंपनीचे प्रशिक्षण पूर्ण केले, कोणाला मुलगी झाली. संस्थेच्या इतिहासकाराने असे फलक जपायला हवे होते. महिना संपला की तो कागद काढून टाकतात आणि त्याच्याबरोबर माणसांची वाटचालही नाहीशी होते. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आलेला मुलगा केबल ओढणारा हेल्पर म्हणून लागतो, दोन-तीन वर्षांत कॅमेरे आणि डीव्हीआर जोडू लागतो, पुढे पाच-सात साइट्सची देखभाल एकटा सांभाळतो. आपल्या पट्ट्यात अशी मुले पुष्कळ आहेत. रक्षक आणि हा तंत्रज्ञ एकाच गेटवर काम करतात, पण एकाची नोंद मंडळाच्या रचनेत बसते आणि दुसऱ्याची बसत नाही. हा प्रश्न 1981 मध्ये कोणाच्या डोळ्यासमोर असण्याचे कारण नव्हते. आज आहे.

यंत्र आणि माणूस यांची गाठ कुठे पडते, हे पाहायचे तर कारखान्याच्या सुरक्षा केबिनमधल्या आगीच्या पॅनेलसमोर उभे राहावे. लाल रंगाचा पत्र्याचा डबा, त्यावर झोनप्रमाणे दिव्यांची ओळ: स्टोअर, पेंट शॉप, कँटीन, पॅनेल रूम. छतावरच्या डिटेक्टरला धूर लागला की त्या झोनचा दिवा लागतो आणि हूटर वाजू लागतो. रक्षकाने आधी दिवा कोणता ते वाचायचे, त्या झोनला जाऊन किंवा फोन करून खात्री करायची, आग असेल तर माणसे बाहेर काढायची आणि अग्निशमन दलाला कळवायचे. हूटर बंद करायचे बटण सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात धुळीने किंवा वाफेने अलार्म वारंवार खोटे वाजतात, कामगार वैतागतात, आणि नव्या रक्षकाला पहिल्या दिवशी जुना रक्षक सर्वांत आधी दाखवतो ते बंद करायचे बटणच. यात त्या दोघांचा दोष नाही. त्यांना पॅनेल वाचायला कोणी बसून शिकवलेले नसते. पॅनेल बसवणारा ठेकेदार वेगळा, रक्षक पुरवणारी एजन्सी वेगळी, आणि दोघांच्या मध्ये कारखान्याचा मेंटेनन्स विभाग.

8 डिसेंबर 2023 रोजी देहू-आळंदी रस्त्यावरच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्राण गेले. अशा ठिकाणी ना पॅनेल असते ना शिकलेला रक्षक. इथून काही किलोमीटरवर ही घटना घडली, म्हणून या स्मरणिकेत तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

आळंदीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मंडळाच्या कोणत्याही अहवालात हे गाव येणार नाही, पण रक्षकांच्या जगण्यात ते आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या रक्षकांना चाकण किंवा भोसरीपेक्षा आळंदीत राहणे परवडते, शिवाय माउलींच्या गावात राहिल्याचे समाधान मिळते. गावी आईवडिलांना सांगताना ‘चाकणला कंपनीत आहे’ यापेक्षा ‘आळंदीला राहतो’ हे जास्त अभिमानाने सांगितले जाते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखीचे प्रस्थान असते, कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते. त्या दिवसांत गावाकडे येणारे रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि रात्रपाळीच्या माणसाला सोडवायला रिलीव्हर वेळेवर पोहोचत नाही. वर्षानुवर्षे चालत आलेली ही अडचण आहे. तिची तारीख पंचांगात आधीपासून छापलेली असते, तरी ड्युटी चार्ट लावताना ती कोणी धरत नाही. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि आळंदी, चाकण ही ठाणी पुणे ग्रामीणमधून त्यात आली. यात्रेचा बंदोबस्त आणि कारखान्यांचा पट्टा तेव्हापासून एकाच आयुक्तालयाखाली आहे. रक्षकांच्या पाळ्या आणि यात्रेचा वाहतूक आराखडा एकत्र बसून ठरवायला आता तांत्रिक अडचण उरलेली नाही.

2020 सालची एक गोष्टही नोंदवून ठेवतो. मार्चअखेरीस टाळेबंदी झाली, कारखाने बंद पडले, कामगार गावी गेले. गेटवरचा रक्षक तिथेच राहिला. बंद कारखान्यात करोडोंची यंत्रे पडून असतात आणि ती राखायला कोणीतरी लागतेच. त्या वर्षी माउलींच्या पादुका पायी न जाता एसटीने पंढरपूरला गेल्या, वारी झाली नाही. ज्यांनी ते महिने गेटवर काढले, त्यांपैकी अनेकांना बदली रक्षक मिळाला नाही, खानावळी बंद होत्या, बसही नव्हत्या. तेव्हा ज्यांचा पगार मंडळामार्फत येत होता आणि ज्यांचा ठेकेदाराच्या मर्जीवर होता, त्यांच्या परिस्थितीतला फरक स्पष्ट दिसला. 1981 च्या कायद्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता एक सूचना करतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावे लागते. ‘फॉर्म बी भरला का?’ हा प्रश्न त्या महिन्यांत प्रत्येक कारखान्यात ऐकू येतो. पंप, डिटेक्टर, हूटर, सगळ्यांची तपासणी त्यात होते. पॅनेलसमोर बसणाऱ्या माणसाची होत नाही. मंडळाने पुढाकार घ्यावा: ठेकेदाराचा तंत्रज्ञ फॉर्म बीच्या तपासणीला आला की तिन्ही पाळ्यांच्या रक्षकांना पॅनेल शिकवण्याचे काम त्याच भेटीत व्हावे, त्याची नोंद रक्षकाच्या मंडळाकडच्या सेवापुस्तकात पडावी, आणि अशी नोंद असलेल्या रक्षकाला कंट्रोल रूमचा वेगळा दर द्यावा. तंत्रज्ञाची त्या दिवसाची मजुरी कारखान्याने भरावी. पुढच्या जानेवारीत मरकळ रस्त्यावरच्या दोन-चार कारखान्यांपासून सुरुवात करता येईल.